खंडेनवमीच्या आधी : माळ्यावर सापडलेली चकमकीची बंदूक

वाचकाचं पत्र

“कोरेगाव तालुक्यात आमचा जुना वाडा आहे. उन्हाळ्यात छप्पर उतरवताना माळ्यावर, आढ्यालगत, पोत्यात गुंडाळलेली एक लांबलचक बंदूक सापडली. पट्टीनं मोजली तर चार फूट सात इंच भरली. घोड्याच्या जबड्यात अजून गारेचा तुकडा आहे. पत्र्यावर दोन पायांवर उभ्या कुत्र्यासारखं काहीतरी कोरलं आहे. मामंजी म्हणतात, ही सत्तावन्नच्या बंडातली रायफल, आमच्या पूर्वजांनी इंग्रजांकडून हिसकावलेली. धाकटे दीर म्हणतात, खंडेनवमीला पूजेत मांडायची तर आधी पॉलिश पेपरनं घासून आणि पितांबरीनं पितळ उजळून लखलखीत करू. घरातली मुलं घोडा मागं ओढून कट्कन सोडतात आणि खूश होतात. पुण्याच्या एका व्यापाऱ्याला फोटो कुणीतरी पाठवले, त्याचे रोज फोन येताहेत. ही खरी आहे का, किती जुनी, किती मोलाची, आणि स्वच्छ कशी करायची? सोबत चार फोटो पाठवते आहे.”

उत्तर

ताई, मोलाचं आणि वयाचं नंतर बोलू. आधी मुलांच्या हातून ती बंदूक काढून घ्या, आजच. तो घोडा यापुढे घरातल्या कुणीही ओढायचा नाही, मोठ्यांनीसुद्धा.

कारण सांगते. ठासणीची बंदूक, म्हणजे दारू आणि गोळी नळीच्या तोंडाकडून ठासून भरायची बंदूक, नुसती पाहून ती भरलेली आहे की रिकामी, हे कळत नाही. पूर्वी शिकारीला किंवा राखणीला निघताना बार भरायचे आणि सावज मिळालं नाही तर बंदूक तशीच भिंतीला टेकवून ठेवायचे, कारण ठासलेला बार परत काढणं हे मोठं जिकिरीचं काम. अशा बंदुका दोन-दोन पिढ्या भरलेल्याच राहिल्याची उदाहरणं जगभर सापडतात. काळी दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा. कोरडी राहिली तर ती वयानं विझत नाही. शंभर वर्षांनीही ठिणगी पडली की पेटते. आणि तुमच्या बंदुकीच्या घोड्यात गार अजून बसलेली आहे. मुलं घोडा सोडतात तेव्हा ती गार पोलादी पात्यावर आपटून ठिणगी पाडू शकते. आत बार असेल तर पुढं काय होईल ते वेगळं सांगायला नको.

तुमच्या तिसऱ्या फोटोत घोडा पुढं, खाली पडलेला दिसतो. ही चांगली गोष्ट. पण पत्र लिहिल्यानंतर कुणी तो मागं ओढून तसाच ठेवला असेल तर पुढं काहीही तपासू नका, थेट पोलीस ठाण्यात कळवा. घोडा खालीच असेल तर एक साधी तपासणी घरी होते. बंदूक जमिनीवर सतरंजीवर आडवी ठेवा, नळीचं तोंड माणसं नसलेल्या बाजूला. तोंडासमोर कुणी उभं राहायचं नाही, आत डोळा लावून पाहायचं नाही, फुंकायचं नाही. वेळूची किंवा लाकडाची एक सरळ, गुळगुळीत काठी घ्या, लोखंडी सळई अजिबात नको. बाजूला बसून ती हळूच नळीत जाईल तितकी सरकवा, ठोकू नका. नळीच्या तोंडाशी काठीवर पेन्सिलनं खूण करा. काठी बाहेर काढून नळीच्या बाहेरून तशीच धरा, खूण तोंडाशी जुळवून. काठीचं दुसरं टोक नळीच्या मागच्या बाजूला असलेल्या बारीक भोकाजवळ, म्हणजे कानाजवळ, पोचलं पाहिजे. ते तीन-चार बोटं अलीकडेच थांबलं तर आत काहीतरी आहे. ते कुंभारमाशीचं घरटं असेल, मातीचा बोळा असेल, किंवा बार असेल. कोणतं ते ठरवायचं काम तुमचं नाही. बंदूक आहे तिथंच राहू द्या, खोलीला कुलूप लावा आणि 112 वर किंवा गावच्या पोलीस ठाण्यात सांगा. त्यांच्याकडं यासाठी प्रशिक्षित पथक असतं. फिटरकडं, वेल्डरकडं, लेथवर न्यायची नाही. “तेल ओतून बघू”, “गरम करून बघू” असं म्हणणारा एक तरी जण प्रत्येक गावात असतो. त्याला दारातच थांबवा.

काठी कानापर्यंत पोचली तर एक श्वास सोडा आणि पुढचं वाचा.

आता दिरांचा पॉलिश पेपर. खंडेनवमीला घरातली शस्त्रं पुजायची ही आपल्याकडची जिवंत रीत आहे आणि तुमच्या घरात ती चालू आहे याचं मला मनापासून बरं वाटतं. म्हणूनच हात जोडून सांगते, घासू नका. या बंदुकीवर जो काळपट-तपकिरी थर चढला आहे तो घाण नाही. तो तिच्या वयाचा पुरावा आहे. लोखंडावर सावकाश, एकसारखा बसलेला गडद तपकिरी थर स्थिर असतो आणि खालच्या धातूला बराचसा सांभाळतो. त्याच थराखाली आणि त्याच्या आधारानं शिक्के, आकडे, कारागिराच्या खुणा टिकून असतात. त्या खुणांची खोली कधीकधी नखाच्या जाडीइतकीही नसते. पॉलिश पेपरचे चार हात फिरले की त्या जातात आणि परत येत नाहीत. चिंच, लिंबू, राख हे देव्हाऱ्यातल्या तांब्या-पितळेला चालतं कारण ती भांडी रोज वापरायची असतात. या पितळेवर पलटणीचे आकडे असू शकतात. शिवाय आंबट पदार्थ लाकूड आणि लोखंड यांच्या सांध्यात शिरला की आतून गंज सुरू होतो, तो बाहेरून दिसतही नाही.

खोबरेल तेलही नको. ते कालांतरानं चिकट होतं, धूळ धरतं आणि लाकडात मुरून ते काळं करतं. हळद-कुंकू थेट धातूवर किंवा दस्त्यावर लावू नका, कारण ते ओलावा धरून ठेवतं आणि लाकडाच्या रेघांत रुतलं की निघत नाही. पाटावर स्वच्छ सुती कापड घाला, त्यावर बंदूक आडवी ठेवा, समोर सुपारी मांडा आणि हळद-कुंकू, अक्षता, झेंडूचं फूल त्या सुपारीला वाहा. आपट्याची पानं पुढं ठेवा. पूजा पूर्ण होते आणि बंदूकही शाबूत राहते. मामंजींना हे पटेल असं मला वाटतं. शस्त्राचा मान राखायचा तर त्याच्या अंगावर ओरखडे कशाला?

सफाई म्हणाल तर सध्या एवढंच: मऊ केसांच्या कोरड्या ब्रशनं धूळ झाडा, कोरड्या सुती कापडानं हलकेच पुसा, हातात सुती किंवा रबरी मोजे घाला. घामात मीठ असतं आणि बोटांचे ठसे लोखंडावर गंजाच्या रूपानं उमटतात. कुठं नारिंगी, भुरभुरीत, बोटाला लागणारा गंज दिसला तर तो चालू गंज. त्याची नोंद करा, फोटो काढा, पण खरवडू नका. त्यावर काय करायचं ते संवर्धनाचं काम जाणणारा माणूस प्रत्यक्ष पाहून ठरवेल. एकही स्क्रू फिरवू नका. जुन्या स्क्रूची खाच एकदा सुटली की ती बंदूक कुणीतरी उघडली होती हे पाहणाऱ्याला पहिल्याच नजरेत कळतं. न फिरवलेल्या खाचा ही तिच्या अस्सलपणाची मोठी साक्ष असते.

पोतं मात्र लगेच काढा. गोणपाट पावसाळ्यात दमट हवा शोषून घेतं आणि लोखंडाला चिकटवून ठेवतं. प्लॅस्टिकमध्येही गुंडाळू नका, आत घाम सुटतो. जुनं, धुऊन मऊ झालेलं सुती लुगडं किंवा धोतर उत्तम. त्यात सैल गुंडाळून, सतरंजीच्या घडीवर आडवी, भिंतीपासून आणि ओल्या जमिनीपासून दूर, कुलपात ठेवा. डांबराच्या गोळ्या, कापूर जवळ नको. लाकडाला वाळवी किंवा भुंग्यांची बारीक भोकं आणि त्यातून पडणारा भुसा दिसतो का, ते महिन्यातून एकदा पाहा.

आता तुमच्या फोटोंबद्दल, आणि हे लिहिताना मला खरंच आनंद होतो आहे.

पत्र्यावरचा तो कुत्रा सिंह आहे. मागच्या पायांवर उभा, तोंड आपल्याकडं वळवलेलं, पुढच्या पंजांत मुकुट धरलेला. ईस्ट इंडिया कंपनीच्या चिन्हातला सिंह. झिजल्यामुळं तो कुत्र्यासारखा दिसतो आणि असा घोटाळा अनेकांचा होतो. कंपनीच्या बंदुकांवर आधी वेगळी खूण असायची, चार भागांत विभागलेलं एक हृदय आणि त्यात रोमन अक्षरं. साधारण 1808 च्या सुमारास तिची जागा या सिंहानं घेतली. खूण अस्सल असेल तर तुमची बंदूक त्यानंतरची. दुसऱ्या टोकाला, इंग्रजांच्या फौजांनी 1840 च्या आसपास चकमक सोडून टोपीची बंदूक घ्यायला सुरुवात केली. त्यात गारेऐवजी तांब्याची छोटी टोपी घोड्याच्या मारानं फुटते आणि पावसातही बार उडतो. म्हणजे घडण्याचा काळ ढोबळमानानं या दोन टोकांच्या मध्ये येतो.

लांबीही जुळते. चार फूट सात इंच म्हणजे 55 इंच. कंपनीनं 1790 च्या दशकात आपल्या पलटणींसाठी एक नमुना ठरवला, ज्याला इंग्रज “इंडिया पॅटर्न” म्हणतात. 39 इंचांची नळी, सुमारे 19 मिलिमीटर व्यासाचं तोंड, एकूण लांबी 55 इंचांच्या आसपास, वजन साडेचार किलोच्या घरात. फ्रान्सशी युद्ध पेटल्यावर इंग्लंडच्या सरकारला बंदुका कमी पडल्या, तेव्हा त्यांनी कंपनीसाठी बनवलेल्याच विकत घेतल्या आणि 1797 मध्ये हाच नमुना स्वतःच्या सैन्यासाठी स्वीकारला. हिंदुस्थानसाठी आखलेली बंदूक अशी युरोपच्या रणांगणावर गेली. लाखोंनी बनल्या त्या.

म्हणूनच मला वाटतं की तुमच्याकडं आहे ती रायफल नाही. रायफलच्या नळीत आतून पिळदार खाचा असतात, त्यांच्यामुळं गोळी फिरत जाते आणि नेम लांबवर लागतो. चकमकीच्या काळात अशा रायफली होत्या, पण थोड्या. इंग्रजांची बेकर रायफल 1800 पासून वापरात आली. तिची नळी फक्त 30 इंचांची, आत सात खाचा, आणि दस्त्याच्या बाजूला पितळी झाकणाची छोटी पेटी असे. तुमची त्यापेक्षा बरीच लांब आहे आणि फोटोत पितळी पेटी दिसत नाही. काठीची तपासणी झाल्यावर आणि नळी रिकामी असल्याची खात्री पटल्यावरच, तोंडाशी तिरकस उजेड पाडून आतला कडा पाहा. आत गुळगुळीत असेल तर ती पायदळाची साधी बंदूक. गंजाच्या उभ्या रेघा कधीकधी खाचांसारख्या भासतात, पण खऱ्या खाचा सारख्या अंतरावर असतात आणि पीळ घेत आत जातात. साधी बंदूक निघाली म्हणून मन खट्टू करून घेऊ नका. सातारा-सांगलीच्या मुलखात त्या काळी कंपनीच्या शिपायाच्या खांद्यावर हीच असायची.

आता अस्सलपणा. सिंह आहे म्हणजे खरीच, असं नाही. कंपनीच्या बंदुकांची इतकी मागणी होती की देशी कारागिरांनी त्यांच्या हुबेहूब नकला केल्या, आणि आजही शोभेसाठी प्रतिकृती बनतात. देशी नक्कल ही स्वतःच एक ऐतिहासिक वस्तू आहे, तिला कमी लेखू नका. महादजी शिंद्यांनी डी बॉयन या युरोपीय सेनानीच्या हाताखाली कवायती पलटणी उभ्या केल्या, त्यांच्यासाठी आग्र्याच्या कारखान्यात सँगस्टर नावाचा स्कॉटिश माणूस बंदुका आणि तोफा घडवत होता. मराठी फौजेत तोड्याच्या बंदुका, म्हणजे पेटत्या वातीनं बार उडवणाऱ्या, शेवटपर्यंत भरपूर होत्या, पण गारद्यांच्या आणि कवायती पलटणींच्या हातात चकमक आलेली होती. त्यामुळं तुमची बंदूक इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमची की इथली, हे दोन्ही प्रश्न तितकेच रंजक आहेत. फरक कसा ओळखायचा? विलायती दस्ता बहुधा अक्रोडाचा, इथला अनेकदा शिसवाचा, जड आणि काळपट. विलायती कोरीवकामात अक्षरं सरळ आणि एकाच वजनाची असतात. नक्कल करणाऱ्याला रोमन लिपी वाचता येत नसेल तर अक्षरं डगमगतात, एखादं उलटंही पडतं. नळीच्या मागच्या भागावर, डाव्या बाजूला, मुकुटाखाली अक्षरं असलेले छोटे खोल ठसे दिसले तर ते नळीच्या चाचणीचे ठसे. लंडनचे वेगळे, बर्मिंगहॅमचे वेगळे. बर्मिंगहॅमचं चाचणीघर 1813 च्या कायद्यानं सुरू झालं, म्हणून त्याचा ठसा तारीख ठरवायला कामी येतो. आजची प्रतिकृती असेल तर कान आरपार पाडलेलाच नसतो असं अनेकदा दिसतं, आणि स्क्रूंच्या खाचा यंत्रानं कापल्यासारख्या एकसारख्या असतात.

मी स्वतः सगळ्यात जास्त वेळ कानाभोवती घालवते. चकमकीच्या बंदुकीत कानाशेजारच्या वाटीत थोडी रंजक, म्हणजे पेट घेण्यासाठीची दारू, घालतात. चाप ओढला की घोड्यातली गार पोलादी पात्यावर घासून खाली येते, पातं पुढं झुकून वाटी उघडते, ठिणग्या रंजकेत पडतात आणि ज्वाळा कानातून आतल्या बारापर्यंत जाते. हे सगळं डोळ्यासमोर, गालापासून वीतभर अंतरावर घडतं. जळलेल्या दारूचा अवशेष लोखंड खातो. म्हणून वापरलेल्या खऱ्या बंदुकीत कानाच्या भोवती बारीक खड्डे पडलेले असतात, कान थोडा मोठा झालेला असतो, पात्याच्या घोड्याकडच्या अंगावर गारेनं पाडलेल्या उभ्या ओरखड्यांची दाटी असते. नळी झिजलेली आणि पातं मात्र कोरं असेल तर पातं नंतरचं. कानाच्या जागी नव्या धातूचा गोल ठिगळ दिसला किंवा पत्र्यात बुजवलेली भोकं दिसली तर समजा की बंदूक मधल्या काळात टोपीची करून घेतली होती आणि पुढं कुणीतरी किंमत वाढावी म्हणून परत चकमकीची केली. पहिला बदल हा तिच्या आयुष्याचा भाग, दुसरा फसवणुकीचा असू शकतो. तुमच्या फोटोत कानाच्या आसपास खड्डे आहेत आणि ठिगळ दिसत नाही. फोटोवरून मी यापुढं जाणार नाही, पण लक्षण चांगलं आहे.

दस्ता आणि धातू जिथं मिळतात तिथंही बोट फिरवा, मोजे घालून. मूळ स्थितीत लाकूड धातूच्या किंचित वर असतं किंवा बरोबरीत. धातू लाकडाच्या वर उठलेला जाणवला तर लाकूड कधीतरी घासलं गेलं आहे. नळीच्या तोंडाजवळ, टोकापासून साधारण दोन इंच मागं, वरच्या बाजूला एक चौकोनी खुंटा शोधा. त्यात संगीन अडकवत. खुंटा अगदी टोकाला आला असेल किंवा नसेलच तर नळी शिकारीसाठी कापलेली असण्याचा संभव. सह्याद्रीच्या कडेच्या गावांत रानडुकरांपासून पीक राखायला अशा कापलेल्या ठासणीच्या बंदुका पुष्कळ वापरल्या गेल्या. तुमच्या लांबीवरून मला ती कापलेली वाटत नाही. दस्त्याच्या मनगटाशी, जिथं तो बारीक होतो, तांब्याचा पत्रा ठोकून जोडलेली चीर दिसते आहे. ती जुनी दुरुस्ती आहे, कुणातरी गावच्या लोहाराची. ती अजिबात काढायची नाही.

मामंजींच्या सत्तावन्नाबद्दल मला जपून बोलायचं आहे, कारण घरची आठवण ही सुद्धा जपायची वस्तू आहे. ज्या काडतुसांवरून ठिणगी पडली ती 1853 च्या नमुन्याच्या एन्फिल्ड रायफलची होती. ती टोपीवर चालायची, तिच्यात गार नसते. म्हणून ही ती बंदूक नव्हे. पण जुन्या चकमकीच्या बंदुका तेव्हाही लोकांच्या हातात होत्या, त्यामुळं ती त्या काळात वापरली गेलीच नसेल असं मी म्हणणार नाही. साताऱ्यात त्या वर्षी काय झालं ते तुम्हाला माहीत असेलच. छत्रपती प्रतापसिंहांना 1839 मध्ये पदच्युत करून काशीला धाडलं, 1848 मध्ये संस्थान खालसा झालं, आणि प्रतापसिंहांचे वकील रंगो बापूजी यांच्या इंग्रजांविरुद्धच्या कटाचा सुगावा लागल्यावर 8 सप्टेंबर 1857 रोजी गेंडामाळावर 17 जणांना मृत्युदंड दिला गेला. पुढं 1878 च्या शस्त्र कायद्यानं परवान्याशिवाय शस्त्र बाळगणं गुन्हा ठरला. आढ्यालगत पोत्यात बंदूक ठेवण्यामागं अशी भीती असू शकते, किंवा निव्वळ विसर. कागद मिळाल्याशिवाय हे ठरत नाही.

म्हणून मामंजींसमोर वही घेऊन बसा. त्यांनी हे कुणाकडून ऐकलं, त्या माणसानं कुणाकडून, कुठल्या वर्षाच्या आसपास, बंदूक आधी कुठल्या खोलीत होती, कुणी शिकारीला नेल्याचं आठवतं का, सगळं त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या आणि खाली तारीख घाला. फोनवर आवाजही ध्वनिमुद्रित करा. वाड्यातल्या पेट्या, दप्तरं, देवघराच्या फडताळातले कागद टाकू नका, मोडीतले तर मुळीच नाही. आणि खास करून एक कागद शोधा: आजेसासऱ्यांच्या किंवा त्यांच्या वडिलांच्या नावचा शस्त्रपरवाना. जुन्या परवान्यांवर अशा बंदुकीची नोंद बहुधा “एम. एल. गन” (मझल लोडिंग, म्हणजे ठासणीची) अशी असते. तो सापडला तर इतिहासही मिळेल आणि कायद्याचं अर्धं काम सोपं होईल.

कायद्याकडं वळते, कारण इथं बरेच जण “जुनी आहे, तिला कसला परवाना” म्हणून गाफील राहतात. 1959 च्या शस्त्र कायद्यात कालबाह्य किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या शस्त्रांना सूट आहे, पण ते शस्त्र दुरुस्ती करूनही चालवता येणार नाही अशा स्थितीत असलं तरच. तुमची बंदूक मूळ स्थितीत असेल, तर नेमकी हीच अट तिला लागू होत नाही असं अधिकारी म्हणू शकतात. 2020 मध्ये नियमांत दुरुस्ती होऊन क्युरिओ, म्हणजे संग्रहाच्या वस्तू, या गटातली जुनी छोटी शस्त्रं भारतीय नागरिकांना परवान्याविना बाळगण्याची मुभा मिळाली, मात्र ती वापरायला, बाळगून फिरायला किंवा इकडून तिकडं न्यायला परवाना लागतोच. तुमची बंदूक त्या गटात बसते की नाही, हे तुम्ही, मी किंवा तो व्यापारी ठरवू शकत नाही. ते जिल्हादंडाधिकाऱ्यांचं काम. म्हणून बंदूक हलवू नका. फोटो, मापं, कुठं आणि कधी सापडली याचा मजकूर आणि मामंजींची सही असा अर्ज करा, एक प्रत पोलीस ठाण्यात आणि एक साताऱ्याला जिल्हाधिकारी कार्यालयात शस्त्रपरवान्याचं काम पाहणाऱ्या शाखेत द्या, दोन्हीकडून पोच घ्या. उन्हाळ्यात सापडलेल्या वस्तूची नोंद आज होते आहे, तरी स्वतः होऊन केलेली नोंद ही लपवून ठेवलेल्या वस्तूपेक्षा कधीही बरी. बंदूक जमा करायला सांगितलं तर जमा करा, आणि पावतीवर सिंहाचं चिन्ह, लांबी, दस्त्यावरचा तांब्याचा पत्रा या खुणा आग्रहानं लिहून घ्या.

एक विनंती त्यांच्याकडंही लेखी करा: निकामी करायची म्हणून नळीला भोक पाडणं, कान वेल्डिंगनं बुजवणं किंवा नळी कापणं, हे पुरातत्त्व खात्याचं किंवा संग्रहालयाचं मत घेतल्याशिवाय करू नये. साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालय आहे, 2024 मध्ये लंडनहून आलेली वाघनखं तिथंच मांडली होती. औंधला भवानराव पंतप्रतिनिधींनी उभारलेलं श्री भवानी संग्रहालय आहे. अशा ठिकाणच्या अभिरक्षकांना फोटो दाखवून लेखी मत मागायला संकोच करू नका.

व्यापाऱ्याला आज एकच उत्तर द्या: नोंदणी होईपर्यंत विक्रीचा विषय नाही. त्यानं आकडा सांगितला तरी तो ऐकून घेऊ नका, कारण आकडा एकदा घरात शिरला की दीर, जावा, चुलते सगळ्यांची झोप उडते. शंभर वर्षांहून जुन्या वस्तू 1972 च्या पुरावस्तू कायद्याखाली येतात. त्यांचा व्यापार परवानाधारकच करू शकतो आणि खासगी माणसाला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. वरून शस्त्र कायदा आहेच. रोख पैसे देऊन रात्रीत गाडीत घालून नेतो म्हणणाऱ्या माणसाबरोबर तुम्ही दोन कायदे मोडाल. किंमत मी सांगणार नाही, फोटोवरून सांगणं योग्यही नाही. इतकं मात्र खरं की या नमुन्याच्या बंदुका जगात दुर्मीळ नाहीत. नेपाळच्या जुन्या शस्त्रागारातूनच 2003 मध्ये मोठा साठा बाहेर विकला गेला. तुमच्या बंदुकीचं वेगळेपण कोरेगावच्या त्या माळ्यात, मामंजींच्या आठवणीत आणि एखाद्या कागदात आहे. ती घरापासून तुटली की हे सगळं तुटतं. घरात ठेवायची नसेल तर संग्रहालयाला, घराण्याच्या नावासकट आणि त्या वहीसकट देता येईल का, हा विचार मामंजींच्या कानावर घाला.

फोटो ज्यांना ज्यांना गेले आहेत त्यांना ते पुढं न पाठवायला सांगा. गावाचं नाव आणि वाड्याचं दार त्यात दिसतं.

मला पुढच्या पत्रात काठीच्या तपासणीचा निकाल कळवा. ती नीट पार पडली असेल आणि नोंदणीचा अर्ज गेला असेल, तर दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, शेजारी पट्टी ठेवून चार फोटो काढा: सिंहाचा जवळून, कानाभोवतीच्या भागाचा, नळीच्या मागच्या डाव्या बाजूचा आणि दस्त्याच्या तळाच्या पितळी पत्र्याचा. त्या पितळेवर वरच्या जिभेसारख्या भागात आकडे किंवा अक्षरं असतील तर पलटणीचा माग लागू शकतो. अक्षरं स्पष्ट दिसत नसतील तर त्यावर खडू, कुंकू, पाणी काही लावू नका. टॉर्च एका बाजूनं, अगदी आडवा धरा आणि तसा फोटो घ्या.